पिल्लूचा डावा हात

सोमवार, ९ तारीख
सकाळी, ड्युटीवर जाण्याआधी

ताई,

नमस्कार. मी बरी आहे. तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल असं धरून चालते. तू दिलेली कुंडी जगली, नवीन दोन पानं आली आहेत.

शनिवारी तुझे तीन फोन येऊन गेले. मी कामात नव्हते. उचलायचे नव्हते. फोनवर तू रडायला लागतेस, मग मी तुला गप्प करत बसते आणि मूळ गोष्ट तशीच राहते. म्हणून लिहिते आहे. आधी जे घडलं ते क्रमानं. यात माझं मत नाही.

१. पार्किंगच्या इमारतीच्या रखवालदारानं पिल्लूला गाडी आडवी लावू नकोस म्हणून टोकलं. पिल्लूनं त्याला हेल्मेटनं मारलं. बरोबरच्या मुलानं ते पिल्लूच्या फोनवर, पिल्लूच्या सांगण्यावरून, चित्रित केलं. रखवालदाराचा उजवा डोळा गेला.

२. बरोबरचा मुलगा म्हणजे भावोजींच्या गाडी धुण्याच्या सेंटरवर पाण्याचा पाईप धरणारा. त्याला तुम्ही सगळे पाईपच म्हणता. त्याचं खरं नाव मला पोलिसांच्या कागदावर कळलं.

३. पाईपचा जन्माचा दाखला कुणी काढलाच नव्हता. पिल्लूचा सापडला नाही, आणि त्याच्या शाळेच्या दाखल्यावरचं वर्ष खोडून लिहिलेलं निघालं. म्हणून कोर्टानं दोघांचं वय हाडांवरून ठरवायला आमच्या हॉस्पिटलात पाठवलं.

४. पिल्लू माझा भाचा, म्हणून त्या दिवशी मी त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही, आणि तसं आधी लेखी दिलं. एक्स-रे माझ्या सहकाऱ्यानं काढले.

५. अहवाल आला. पिल्लू: सोळाच्या आसपास. पाईप: अठरा पूर्ण. पिल्लूला मुलांच्या कोर्टानं तुझ्या हवाली केलं. पाईप मोठ्यांच्या तुरुंगात गेला.

६. गेल्या बुधवारी पाईपला आमच्याकडे परत आणलं. डाव्या हाताची दोन बोटं मोडली होती. त्या वेळी ड्युटीवर मी होते.

७. शुक्रवारी दुपारी तारीख आहे. त्या दिवशी वयाचा अहवाल कायम झाला की पाईपचा खटला मोठ्यांच्या कोर्टात जाईल.

इथवर तुला बहुतेक सगळं माहीत आहे. सहावा मुद्दा सोडून. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण त्यासाठी माझं काम कसं चालतं ते थोडं सांगावं लागेल. तू एकदा विचारलंस तेव्हाही सांगितलं होतं. या वेळी जरा नीट सांगते.

मनगटाशी हाडाच्या टोकाला वाढत्या वयात एक काळी रेघ दिसते. तिथे अजून कूर्चा असते, हाड तयार होत असतं. वाढ थांबली की रेघ बुजते आणि हाड सलग दिसतं. मुलांमध्ये हे साधारण अठराच्या आसपास होतं, थोडं अलीकडे, थोडं पलीकडे. हाड तारीख सांगत नाही, अंदाज सांगतं. कोर्टाला तारीख हवी असते. मग डॉक्टर अंदाज लिहितात, कारकून त्याचा आकडा करतो आणि वकील त्या आकड्याची भिंत करतात. भिंतीच्या एका बाजूला समुपदेशक, शाळा, पालकांची हमी. दुसऱ्या बाजूला मोठी माणसं आणि लोखंडी दार.

मी नोकरीला लागले तेव्हा अशी मुलं क्वचित यायची. आता मंगळवारी आमचा बाक भरलेला असतो. पेपरात छापून येतं की पोरं बिघडली, मोबाईलनं बिघडवली. मी त्यांचे हात बघते. एकाच्या तळव्याला तारेचे चर पडले होते. त्याला केबल ओढून आणायला कुणी मोठ्यानं पाठवलं होतं, कारण सापडला तरी लहान म्हणून सुटेल. दुसऱ्याजवळ पुड्या सापडल्या. पुड्या बांधणारा गल्लीच्या तोंडाशी गाडीत गाणी ऐकत बसला होता आणि तिथून तसाच घरी गेला. कायदा मुलांना सांभाळायला केला, तर मोठ्यांनी त्याची छत्री केली आणि मुलांना दांडा म्हणून धरलं. आणि मधूनमधून पिल्लूसारखे येतात, स्वच्छ नखांचे. त्यांना कुणी पाठवलेलं नसतं. ते आपण होऊन मारतात आणि त्याचं चित्रण करतात, कारण दाखवायला नसेल तर मारण्यात त्यांना गंमत वाटत नाही. बाकावर सगळे सारखेच बसतात, गुडघे जुळवून. फरक इतकाच की काहींबरोबर वकील असतो आणि काहींच्या पायात चपला नसतात.

आमच्या विभागातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते एकदा म्हणाले, "पूर्वी लोक वय वाढवून घ्यायला यायचे, नोकरीसाठी. आता कमी करून घ्यायला येतात. जाता जाता माझंही कमी करून बघतो. रिटायरमेंट तरी लांबेल."

सगळे हसले. मीही हसले होते.

पिल्लू आणि पाईप यांचे एक्स-रे काकांनीच काढले. पद्धत अशी: किरणांमुळे पोलिस दाराबाहेर थांबतो. मुलं आतल्या पडद्यापाशी बसतात. काका काचेमागून नाव पुकारतात, आणि नाव पुकारल्यावर जो उठेल तो त्या नावाचा. ओळखखूण तपासायची म्हणून कागदावर एक ओळ असते. दोघांच्या कागदांवर तिथे एकच वाक्य आहे: "डाव्या गालावर तीळ." तुझ्या मुलाच्या डाव्या गालावर तीळ नाही, हे मला कुणी सांगायला नको. पाईपच्याही नाही. मी बुधवारी मुद्दाम पाहिलं.

बुधवारचं सांगते.

हवालदार त्याला दंडाला धरून आत घेऊन आला आणि दार लावून बाहेर बसला. मला वाटलं होतं पाईप मला ओळखणार नाही. त्यानं ओळखलं. तुमच्या सेंटरवर मी माझी स्कूटर धुवायला आणायचे तेव्हा तो आरसे वेगळ्या फडक्यानं पुसायचा, तो मुलगा. त्याचे गाल आता आत गेले आहेत. केस मशीननं काढले आहेत, वेडेवाकडे. मी सांगायच्या आधीच त्यानं हात टेबलावर ठेवला, तळवा खाली, बोटं थोडी फाकलेली. करंगळी आणि शेजारचं बोट काळीनिळी होऊन भलतीकडे वळली होती.

"हे कशानं झालं?"

"दारात सापडली."

"कुणी घातली दारात?"

"दारानंच."

मग तो स्वतःच थोडा हसला. मी हसले नाही.

"दुखेल, पण हलवू नकोस."

"नाही हलवत. मागच्या वेळी काकांनी पण हेच सांगितलं होतं. हलला तर परत काढावा लागतो."

मी काचेमागे गेले, एक्स-रे घेतला. आमचं मशीन त्याच नावाची जुनी फिल्म असली तर ती आपोआप शेजारी लावतं, तुलनेला. डावीकडे जुनी, उजवीकडे नवी. जुनीत मनगटाचं हाड सलग होतं, रेघ बुजलेली, पूर्ण वाढ झालेला हात. नवीत रेघ स्पष्ट होती. खाली दोन्हींवर एकच नाव, एकच नंबर.

हाडं मागे जात नाहीत, ताई. माणूस तुरुंगात वाळतो, वाकतो, पण लहान होत नाही.

मी आधी मशीनवर संशय घेतला. नंबर दोनदा जुळवला. मग मी पिल्लूच्या नावाची फिल्म उघडली. तिच्यात रेघ होती. पाईपचीच रेघ, त्याच जाडीची, आणि अंगठ्याच्या मुळाशी तोच तिरपा ठिपका जो उजवीकडच्या नव्या फिल्ममध्ये होता. म्हणजे पिल्लूचं नाव पुकारल्यावर पाईप उठला होता, आणि पाईपचं नाव पुकारल्यावर पिल्लू. पाईपचा हात घेऊन पिल्लू मूल झाला, आणि पिल्लूचा हात घेऊन पाईप मोठा माणूस झाला.

मी त्याच्याजवळ परत गेले आणि हळू आवाजात विचारलं, "मागच्या वेळी तुझं नाव घेतलं तेव्हा तू उठलास का?"

त्यानं दाराकडे पाहिलं.

"तो बाहेर आहे. त्याला ऐकू जात नाही."

"तुम्ही त्यांच्याच ना," तो म्हणाला.

मी त्याच्या हाताखाली उशी सरकवली. मग तोच बोलला. "साहेब म्हणाले, हात काय, सगळ्यांचे सारखेच. मोठा ठरलास तर जामीन लगेच. लहान ठरलास तर सुधारगृहात एकवीस वर्षांचा होईपर्यंत अडकवतात, तिथली पोरं फार वाईट. तू महिन्याभरात सेंटरवर परत येशील."

"आणि तू विश्वास ठेवलास."

"मग? ते सांगत होते ना."

"आता काय वाटतं?"

त्यानं मोडलेल्या बोटांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "पाईप धरता येईल ना?"

मी म्हटलं, येईल. तारा घालाव्या लागतील, पण येईल. आमच्या डॉक्टरांनी त्याची बोटं पाहिली, जुनी फिल्म त्यांनी उघडलीच नाही, कारण त्यांचं काम बोटांपुरतं होतं. शुक्रवारी सकाळपर्यंत तो आमच्याच वॉर्डात आहे, एक पाय कॉटला बेडीनं बांधलेला. तोवर तो वॉर्डात सुरक्षित नसता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. सरळ विभागप्रमुखांकडे गेले असते.

त्या दिवशी घरी येऊन मी हात धुतले, बराच वेळ. तुझ्याकडून आलेला डबा तसाच ओट्यावर होता. उघडून ओतून दिला. मला किळस आली. हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. राग आला असता तर बरं झालं असतं, राग उतरतो. पिल्लूनं जे केलं त्याची मला चीड आली होती, लाज वाटली होती. एका चिडक्या, लाडावलेल्या पोरानं केलेलं ते दुष्ट काम होतं. पण हे दुसरं काम शांत डोक्यानं, बसून, चहा पिऊन केलेलं आहे. यात कुणाचाही हात थरथरला नाही.

आता तू म्हणशील, आणि भावोजींचा वकील तर म्हणेलच, की फिल्मांची अदलाबदल हॉस्पिटलात झाली. काका म्हातारे, डोळ्यांना चष्मा, नावं चुकली. काकांवर सगळं ढकलून मोकळे. मीही तुझ्यासाठी तसं समजायला तयार झाले असते. एक गोष्ट नसती तर.

पाईपच्या नावाच्या त्या जुन्या फिल्ममध्ये, करंगळीच्या खालच्या हाडाला, बाहेरच्या बाजूनं, तांदळाच्या दाण्याएवढा एक उंचवटा आहे.

आईचं सहावं बोट शेवटपर्यंत होतं. ती त्यात अंगठी घालायची आणि म्हणायची की बाकीची पाच कामाची, हे एक नटायचं. तुझं काढलं तुझ्या लग्नाआधी, सासरच्यांना दिसायला नको म्हणून. माझं काढलं मी लहान असताना. ते नीट निघालं नाही आणि गाठ राहिली, म्हणून शाळेत मला 'साडेपाच' म्हणायचे. तो शब्द पहिल्यांदा ज्या पोरीनं काढला तिची वेणी तू बाकाला बांधली होतीस, आणि मुख्याध्यापकांसमोर म्हणाली होतीस की वेणीच लांब होती, तिला कोण काय करणार. नंतर तूच मला त्या नावानं हाक मारायला लागलीस, इतक्या मायेनं की त्याचं विष गेलं. मी ते विसरलेले नाही. हे पत्र लिहायला मला पाच दिवस लागले ते त्यामुळे.

पिल्लू जन्मला तेव्हा भावोजी परगावी होते. तू त्याच दिवशी डॉक्टरांना त्याच्या डाव्या हाताचं सहावं बोट काढायला सांगितलंस. आई म्हणाली, "राहू दे गं. माझ्या हाताचं आहे." तू म्हणालीस, "म्हणूनच नको." मी शाळा बुडवून तिथेच खुर्चीवर बसले होते, म्हणून त्याचा वाढदिवस मला वर्षासकट पाठ आहे. भावोजी आले तोवर मुलाच्या हातावर पट्टी होती, आणि तू सांगितलंस, फोड आला होता. ते अजून तेच समजतात. घरात कुणी कधी तो विषय काढला नाही. आपण तिघींनी ते इतकं नीट झाकलं की तू स्वतःही विसरलीस. वर कातडी गुळगुळीत झाली म्हणजे आतलंही गेलं, असं तुला वाटलं असणार. वरचं बोट गेलं, ताई. मूळ राहिलं, आणि मुलाबरोबर वाढलं. माझंही आहे. मी काकांना सांगून माझ्या डाव्या हाताची फिल्म काढून घेतली. त्यांनी कारण विचारलं नाही, फक्त फिल्म बघून म्हणाले, "ही गाठ मी कुठेतरी पाहिली आहे." आठवलं नाही त्यांना. आठवेल.

पेशंटची फिल्म बाहेर देता येत नाही, म्हणून सोबत माझ्याच हाताची पाठवते आहे. उजेडावर धर. करंगळीखाली पेनानं खूण केली आहे.

हे सगळं लिहिताना मी एक गोष्ट टाळत आले. लिहिणं भाग आहे.

कोर्टाचा आदेश निघाल्यावर तू माझ्या खोलीवर आली होतीस. माझ्या उशांचे अभ्रे बदललेस, सिंकमधली भांडी घासलीस. मी म्हटलं, गुडघा दुखतो तर कशाला. तू म्हणालीस, हात चालू असले की डोकं गप्प बसतं. आणि मग भांडी घासता घासता, पाठमोरी, विचारलंस:

"तुमच्या त्या फोटोत चेहरा येतो का गं?"

"फक्त हात."

"मग कळतं कसं, कुणाचा ते?"

"नाव पुकारतात."

"आणि पोलिस? तो असतोच ना जवळ?"

"दाराबाहेर. किरणांमुळे आत थांबत नाही."

"बाई गं, काय काय असतं," तू म्हणालीस आणि नळ मोठा केलास.

मला वाटलं आईचा जीव आहे, मुलगा घाबरेल म्हणून विचारते आहे. मी तुला बरं वाटावं म्हणून सगळं समजावून सांगितलं. खुर्ची कुठे असते, पडदा कुठे असतो, किती वेळ लागतो. तू जाताना माझ्या गालाला हात लावलास. त्या हाताला भांड्याच्या साबणाचा वास होता.

हे आठवल्यावरही मी बुधवारपासून स्वतःला सांगत होते की योजना भावोजींची. ते तसे आहेतच. दाखला दुरुस्त करणारा माणूस त्यांच्या ओळखीचा, वकील त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी. तू फक्त विचारलंस, त्यांनी वापरलं. असं मानून मी या पत्राचा पहिला कागद लिहिला.

वर मी पाईपचं बोलणं लिहिलं आहे, "साहेब म्हणाले." तो 'साहेब' म्हणाला नव्हता. तो म्हणाला, "मॅडम म्हणाल्या." मी लिहिताना बदललं. मी, जी एका नंबरसाठी फिल्म दोनदा जुळवते, तिनं एका माणसाच्या नावावर दुसरा माणूस बसवला. आपल्या घरात ते किती सहज होतं बघ. खोडून पुन्हा लिहिता आलं असतं. तसंच ठेवलं, तुला दिसावं म्हणून.

त्याचं बोलणं, जसं होतं तसं: "मॅडम स्वतः आल्या होत्या चौकीत. डबा आणला होता. पिल्लूला आणि मला एकाच डब्यातून वाढलं. मॅडमनी कधी मला वाढलं नव्हतं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, मोठा भाऊ होऊन दाखव."

मोठा भाऊ. तो पिल्लूपेक्षा निदान दोन वर्षांनी लहान आहे आणि हे तुला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर तो उपयोगाचा होता.

ते ऐकल्यावर मी एक बावळट प्रश्न विचारला. "मग तुला कसं वाटलं?" तो म्हणाला, "बरं वाटलं." त्यात उपरोध नव्हता. त्या पोराला खरंच बरं वाटलं होतं.

ताई, पिल्लूला मोठ्यांच्या तुरुंगात पाठवायची मला हौस नाही. तिथे मुलांची बोटं दारात सापडतात हे मी पाहिलं आहे, आणि अठरा पूर्ण झाल्यानं बोटं काही लोखंडाची होत नाहीत. त्याला चांगला वकील मिळेल, वय नुकतंच ओलांडलेलं आहे, ते कोर्ट बघेल. पण तो अठराचा आहे. तू त्याला पिल्लू म्हणतेस म्हणून तो लहान होत नाही. सहा फूट उंचीचा माणूस आहे तो, आणि त्यानं एका म्हाताऱ्याचा डोळा फोडला, आणि तो व्हिडिओ, मला कळलं, अजूनही त्याच्या मित्रांच्या फोनवर फिरतो आहे. घरी आल्यापासून तो काय करतो? त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी तूच कौतुकानं सांगितलंस, झोपतो, जेवतो, गेम खेळतो, "आता सावरतोय गं." त्याला माहीत आहे की त्याच्या जागी कोण आहे. माहीत असून त्याला झोप लागते. तुला ते सावरणं वाटतं. मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

आता पुढचं. शुक्रवारी मी सुट्टी टाकली आहे. सकाळी नऊला विभागप्रमुखांना दोन्ही फिल्म शेजारी लावून दाखवणार, तिथून त्यांच्याबरोबर मुलांच्या कोर्टात. गाठीचं विचारतील, तेव्हा माझा हात आणि माझी फिल्म पुढे करीन, आणि आईचं बोट, तुझं ऑपरेशन, पिल्लूची पट्टी, सगळं शपथेवर सांगीन. वकील काकांवर घसरेल, माझ्यावरही घसरेल, बहिणीशी वैर म्हणून. पुन्हा तपासणीचा आदेश निघायला वेळ लागेल आणि तोवर पाईप त्याच दारामागे. हा लांबचा रस्ता आहे, पण मी तो घेणार आहे. माझ्याशी बोलून, रडून, भावोजींना माझ्या खोलीवर पाठवून तो बदलणार नाही. भावोजींना सांगायचंच असेल तर आधी त्यांना सहाव्या बोटाचं सांग.

जवळचा रस्ता तुझ्या हातात आहे. तू शुक्रवारी नऊला पिल्लूला घेऊन हॉस्पिटलात ये. पालक म्हणून तू लेखी मागणी केलीस तर विभागप्रमुख त्याच सकाळी एक्स-रे काढून कोर्टाला कळवू शकतात, मी विचारून ठेवलं आहे, नाव न सांगता. मग दुपारच्या तारखेला पाईपला निदान मोठ्यांच्या तुरुंगात परत पाठवणार नाहीत. एक्स-रे काका काढतील. मी खोलीबाहेर उभी राहीन, नियमाप्रमाणे. यानं तू वाचशील असं मी म्हणत नाही. तुलाही उत्तरं द्यावी लागतील. पण ती तू स्वतः गेलीस म्हणून द्यावी लागतील.

आणि येताना वॉर्डात जाऊ नकोस. डबा आणू नकोस. त्याच्या डोक्यावरून हात फिरवू नकोस.

कुंडीला पाणी घालून मी आता निघते.

गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत कळव, येतेस की नाही. एक शब्द पुरे.

तुझी,
साडेपाच